पावआट्यांचा उजवा हात

"श्वास घेतला की टाकीतल्या हवेच्या मीटरचा काटा खाली शून्याला, सोडला की परत वर. नुसता नाचत होता," सून म्हणाली.

ती नुकतीच पाण्यातून वर येऊन धरणाच्या भिंतीलगतच्या पायरीवर बसली होती. ओठ निळे पडले होते. काटा असा कधी नाचतो, हे तिचे सासरे पावआटे यांना कुणी सांगायला नको होतं.

पावआटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पाणबुड्यांच्या टाक्या आणि त्यातली हवा तोंडापर्यंत पोचवणारे रेग्युलेटर दुरुस्त करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेलेली. टाकीचा वॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि पाव आटा, म्हणजे पाव फेरा, मागे घ्यायचा, म्हणजे तो अडकून बसत नाही, ही त्यांची शिस्त. येणाऱ्याजाणाऱ्याला ते हेच सांगत, म्हणून हे नाव पडलं. सून पाण्याखालच्या कामावर रुजू झाली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. हे म्हणाले, "तिचा श्वास मी सांभाळतो. तुमचं काय जातं?"

तिच्यासाठी रेग्युलेटर निवडताना तर त्यांनी मुकादमाचं डोकं खाल्लं होतं.

"शिकंज्याचा घ्या की," मुकादम म्हणाला होता. "वॉल्व्हवर चढवला, स्क्रू आवळला, झालं. आपल्या सगळ्या टाक्यांना बसतो."

"बसतो, आणि धरणाच्या दरवाजाच्या गजाला धडकला की सरकतोही. मधली रबरी रिंग निसटली तर हवा भसकन बाहेर. खाली कुणाच्या नावानं बोंब मारायची? मला आट्यांचा पाहिजे. वॉल्व्हच्या आत फिरून बसतो, रिंग आतच अडकून राहते."

"मग टाक्या बदलू का?"

"टाक्या कशाला? वॉल्व्हच्या तोंडातली चकती पान्यानं काढली की आट्यांचा बसतो. आणि रेग्युलेटर बॅलन्स्ड हवा. टाकी संपत आली तरी श्वास जड होत नाही."

"सूनबाईंसाठी एवढं? मुलासाठी कधी भांडलात का?"

"मुलगा ऑफिसात बसतो. तिथं हवा फुकट आहे."

शेवटी आट्यांचे सहा आले. आज सुनेचं पहिलंच खोल काम होतं, अठरा मीटर खोलीवर दरवाजाच्या जाळीतला गाळ काढायचा. एरवी वर्कशॉप न सोडणारे पावआटे आज भिंतीवर आले. उतरण्याआधी ती टाकी पाठीवर बांधून पायरीवर बसली होती. वॉल्व्ह तिनं आधीच पूर्ण उघडला होता. यांना राहवलं नाही. तिच्या मागं उभं राहून त्यांनी वाकून वॉल्व्हची मूठ पकडली, थांबेपर्यंत फिरवली, पाव आटा मागे घेतली, आणि खांद्यावर थोपटलं. मीटरचा काटा टाकी भरलेली दाखवत होता. ती पाण्यात उतरली.

टेबलावर टाकी नेहमी त्यांच्याकडे तोंड करून असायची. पाठीवरची टाकी उलटी. हाताला ते कळलं नाही. त्यानं वॉल्व्ह पूर्ण बंद केला आणि जेमतेम पाव आटा उघडा ठेवला. वर तेवढी हवा पुरली. अठरा मीटरवर पुरली नाही.

"ओढतेय, ओढतेय, काही येईना," सून सांगत होती. "बगळ्यानं त्याच्या टाकीची जादा नळी तोंडात दिली म्हणून वर आले."

बगळा म्हणजे तिचा जोडीदार, ताडमाड उंच. तो मान खाली घालून उभा होता. उतरण्यापूर्वी एकमेकांची टाकी तपासायची, हा नियम त्याचाही होता.

मुकादमानं रेग्युलेटर उलटासुलटा केला. "तुमचा हट्ट, पावआटे. नवी फॅशन. सगळे परत पाठवतो. उद्यापासून शिकंजे."

पावआट्यांनी उजवा हात पाठीमागे नेला होता. गप्प राहिलं की झालं, एवढंच त्यांच्या मनात आलं. मग त्यांच्या डोळ्यांसमोर त्या जाळीचे गज आले आणि त्यांच्यात अडकलेला शिकंजा. उद्या सुनेलाच तो घेऊन उतरायचं होतं.

"रेग्युलेटर ठीक आहे," ते म्हणाले. "वॉल्व्ह मी फिरवला. उलटा."

सुनेनं वर पाहिलं.

"तुम्ही, बाबा?"

"मी."

तिनं टाकी त्यांच्या पायाशी आणून ठेवली. "उघडून दाखवा."

त्यांनी मूठ धरली. एकतीस वर्षांचा हात, पण डावीकडे की उजवीकडे, ते त्यांना आठवेना. सुनेनं त्यांचा हात अलगद बाजूला केला, वॉल्व्ह थांबेपर्यंत उघडला आणि तिथंच सोडला.

"मागे नाही घ्यायचा?" मुकादमानं विचारलं.

"नाही. एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही. आणि पाठीवर टाकी चढली की माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. पाण्यात शिरण्याआधी काट्याकडे बघत चार श्वास मी घेणार."

"मग यांना आता म्हणायचं काय?" बगळा पुटपुटला. कुणी हसलं नाही.

पावआटे आपल्या उजव्या हाताकडे बघत उभे होते, दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या खांद्याला जोडलेला असावा तसे.