ओट्याचा दगड

नव्या ओट्यासाठी दगड निवडायला गेलो, तेव्हा सासूबाईंना मी मुद्दाम बरोबर नेलं. मामंजी गेल्यापासून त्यांनी स्वयंपाकघरात येणं जवळजवळ सोडलंच होतं.

दुकानात चकचकीत ग्रॅनाइट रांगेनं उभे होते. त्या नुसत्याच बघत होत्या. कोपऱ्यातल्या एका राखाडी दगडावर मात्र त्यांनी तळवा टेकवला आणि तिथंच ठेवला.

"अगं, आमच्या माहेरच्या दगडीचा दगड हा!"

सावंतवाडीकडे त्यांच्या माहेरी अशाच मऊ दगडाच्या भांड्याला दगडी म्हणत. त्यातलं कुळथाचं सार चुलीवरून उतरवल्यावरही कितीतरी वेळ रटरटत राहायचं. जेवायला उशिरा येणाऱ्यालाही ते गरम मिळायचं, असं त्या सांगत होत्या. इतकं त्या कित्येक महिन्यांत बोलल्या नव्हत्या.

"मावशी, हा दगड फार मऊ असतो. ओरखडे पडतील," दुकानदार म्हणाला.

"पडू देत की. माणसं राहतात घरात."

मी तोच घेतला. परतताना वाटलं, वापरल्याची खूणही उरू नये अशा वस्तू आपण कधीपासून शोधायला लागलो?

ओटा बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तर सासूबाई, नव्या दगडीला चोळतात तसं, दोन्ही हातांनी दगडाला खोबरेल चोळत होत्या. राखाडी रंग त्यांच्या हाताखाली गडद होत चालला होता.

"तू चहा घे," वर न बघता त्या म्हणाल्या, "आजचा स्वयंपाक मी करते."