तळ्याला पाजलेलं पिण्याचं पाणी

बागेतल्या शोभेच्या तळ्याच्या चावीवाल्याला सगळे तळेकाका म्हणायचे. एकतीस वर्षं त्यांनी तळ्यात पाणी सोडलं, पानं गाळली, पोरांचे चेंडू काढून दिले. बायको म्हणायची, सवत आणली असतीत तर निदान ती कधीतरी माहेरी गेली असती. काका हसायचे आणि बूट चढवून निघायचे.

निवृत्तीला चार महिने उरले आणि तळ्याची विहीर आटली. शहराचं सांडपाणी शुद्ध करून, लव्हाळ्यांच्या वाफ्यातून गाळून तळ्यात सोडायचं ठरलं. काकांच्या डोक्यात तिडीक गेली. कितीही शुद्ध केलं तरी ते आलं कुठून? आपल्या लेकराला कुणी असलं पाजेल का, असं ते घरीदारी विचारत सुटले. मग त्यांनी आपल्या मनानेच तोडगा काढला. दिवसा बागेच्या साहेबांच्या देखत लव्हाळ्यांचं पाणी चालू ठेवायचं आणि पहाटे दोन तास गुपचूप पिण्याच्या पाण्याची चावी उघडायची. लाड म्हणतात ते असे.

महिन्याभरात तळं बिघडलं. पाणी हिरवं झालं, मग दाट झालं, मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. काकांनी घाबरून दोनाचे तीन तास केले. साहेबांनी सगळं खापर नव्या पाण्यावर फोडलं. तळं उपसायचं, तळाला फरशी घालायची आणि रंगीत कारंजं बसवायचं, असं त्यांनी जाहीर केलं. त्याआधी नियमाप्रमाणे एक तपासणी तेवढी राहिली होती.

प्रयोगशाळेतल्या बाई सरळ गुडघाभर पाण्यात उतरल्या. लव्हाळ्यांतून येणारं पाणी ठीक होतं. त्यात थोडं खत उतरतंच, त्यावर थोडं शेवाळ धरतंच, पण ते खाणारे टाचणीच्या टोकाएवढे किडे तळ्यात असायला हवेत. इथे औषधालाही एक नव्हता. ते मरतात कशाने, काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात ना, त्याने, असं बाई म्हणाल्या.

साहेब काठावरच उभे होते. काका गप्प बसले असते तर निरोप समारंभ थाटात झाला असता. तळ्यावर मात्र फरशी बसली असती.

"साहेब, मीच मारलं त्यांना," ते म्हणाले. "रोज पहाटे पिण्याचं पाणी सोडत होतो. चांगलं म्हणून."

साहेबांनी चावी तिथल्या तिथे काढून घेतली. चौकशी लागली, समारंभ बारगळला, बागेत पाऊल टाकायलाही बंदी झाली. पण फरशीचं काम थांबलं. दुसऱ्या जुन्या तळ्यातलं, असे किडे असलेलं जिवंत पाणी आणून सोडा, असं बाईंनी सांगितलं होतं. ते काम काकांनी स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी सायकलला बादली अडकवून ते फाटकाशी यायचे आणि नव्या चावीवाल्याच्या हातात ती देऊन परत फिरायचे.

अडीच महिन्यांनी बंदी उठली. बायको बरोबर आली. पाणी इतकं नितळ होतं की तळाचे दगड दिसत होते. काकांनी ओंजळ भरून डोळ्यांपाशी धरली. तिच्यात बारीक ठिपके टुणटुण उडत होते. काका तिथेच काठावर बसून रडायला लागले, आणि सांडायच्या आत बायकोने त्यांची ओंजळ हळूच तळ्यात रिकामी केली.