पान चौदावरचं वाक्य

पालुपी कुठल्याही गिऱ्हाइकाकडे गेली की पहिले तीन दिवस काही विचारत नसे. एखाद्या कारकुनाशेजारी खुर्ची ओढून बसे आणि बघत राही. कागद कुणाकडून कुणाकडे जातो, कुठे अडतो, अडला की कोण उठतं. चौथ्या दिवशी ती भिंतीवर खाकी कागद लावी आणि चौकोन काढायला घेई. एका कामाला एक चौकोन, चौकोनातून बाण. तिच्या चौकोनांवरून मी डेटाबेसचे तक्ते बांधायचो. जावा बेटावरच्या सोलो शहरात, आमच्या अकरा माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत, नऊ वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी होती.

ती तेव्हा चव्वेचाळीसची. वोनोगिरीकडच्या एका खेड्यातली. आई पाठीवर टोपली बांधून बाजारोबाजारी टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकायची. पोरगी शिष्यवृत्तीवर योग्यकार्ताला शिकली, सहा वर्षं जकार्तात बँकांची कामं करून परत आली. एकदा लग्न ठरलं आणि मोडलं. त्याबद्दल ती एवढंच म्हणे, "दोन्हीकडच्या गरजा नीट लिहून घेतल्या नव्हत्या."

चहाच्या कंपनीचं काम आमच्याकडे आलं ते मालकीणबाईंमुळे. मोगऱ्याचा वास दिलेला चहा, हिरव्या कागदी पुड्यांत. वडिलांच्या मागे मेलियानाबाईंनी धंदा हातात घेतला होता. सगळे त्यांना 'ची' म्हणायचे, म्हणजे ताई. त्यांची तक्रार साधी होती. साठ खेड्यांच्या बाजारांत माल जातो, पण कुठला ट्रक कधी कुठे जाणार हे एकट्या पाठवणीप्रमुख पाक तुगिमिनला ठाऊक. तो आजारी पडला तर गोदाम आंधळं.

पाक तुगिमिन साठीला टेकलेला. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला मानाने पाक म्हणतात, बाईला बू. कानामागे पेन्सिल, दातात लवंगेची सिगरेट, बहुतेक वेळा न पेटवलेली. पालुपी त्याच्याजवळ तीन दिवस बसली. तो फोन उचलायचा, "हां, हां, परवा" म्हणायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा बघायचा आणि ड्रायव्हरच्या हातात चिठ्ठी द्यायचा. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "पाक, वातुकेबोला माल कधी जातो?"

"त्याच्या दिवशी."

"तो दिवस कोण ठरवतं?"

"ठरलेलाच असतो, बू."

हे उत्तर चौकोनात बसेना. मग तिने माझ्याकडून वर्षभराच्या पाठवणीची नोंद काढून घेतली. मी वारांप्रमाणे बेरीज केली. वातुकेबोला सोमवारी जितक्या खेपा, जवळपास तितक्याच गुरुवारी, तितक्याच रविवारीही. साठही बाजारांचं तेच. कुठे उंचवटा नाही, खड्डा नाही. सपाट रेघ. सपाट रेघेचा अर्थ आमच्या धंद्यात एकच: इथे नियम नाही.

तिने अहवालात पान चौदावर लिहिलं: 'माल पाठवण्याचा दिवस एका व्यक्तीच्या लहरीवर ठरतो.' खाली उपाय. प्रत्येक बाजाराला आठवड्यातला एक वार नेमून द्यावा, चिठ्ठी यंत्राने काढावी, पाठवणीप्रमुखाचा चौकोन काढून टाकावा.

नवा आराखडा सगळ्यांना दाखवून सही घेण्याची तिची पद्धत होती. पाक तुगिमिनने तो बराच वेळ पाहिला. स्वतःचा चौकोन जिथे नव्हता तिथे त्याचं बोट थांबलं.

"हे बरोबर आहे ना, पाक?"

"इंग्गिह," तो म्हणाला. आदराचं हो. आणि खाली सही केली.

चींना अहवाल पसंत पडला. महिनाभर बारा बाजारांत नवी पद्धत चालवून पाहायची असं ठरलं, आणि तो महिना संपला की पाक तुगिमिनला निरोपाचं पत्र. पत्राचा मसुदा तयार झाला. कारण म्हणून पान चौदावरचं वाक्य त्यात जसंच्या तसं उतरलं. ते वाचून पालुपी जेवायला आली नाही. ती म्हणाली, "वाक्य खरं आहे. पण पत्रात गेल्यावर त्याला दात आल्यासारखे वाटतात."

नवी पद्धत सुरू झाली आणि चहा परत यायला लागला. पहिल्या आठवड्यात अर्धा, दुसऱ्यात त्याहून जास्त. ड्रायव्हर गियार्तो ट्रक लावायचा आणि पोती उतरवायचा. का परत आणलं म्हणून विचारलं तर म्हणायचा, "घ्यायला माणसं नव्हती, बू." यंत्राने सांगितलं तिथे तो वेळेवर पोचला होता. त्याच्या वहीत चूक नव्हती. माझ्या तक्त्यातही नव्हती.

तिसऱ्या मंगळवारी पालुपी त्याच्या ट्रकमध्ये बसून वातुकेबोला गेली. बाजाराच्या छपराखाली कुत्री झोपली होती. बांबूची फळकुटं उपडी करून ठेवलेली. एक म्हातारी तेवढी केळीची पानं पुसत बसली होती.

"आजी, माणसं कुठायत?"

"आपापल्या घरी. आज काय आहे?"

"मंगळवार."

"मंगळवार सरकारचा. आज क्लिवोन आहे. बाजार पोनला भरतो." म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तोंडावरून तर इकडचीच दिसतेस. कुणाची गं तू, एवढंही ठाऊक नाही ते?"

पालुपीने आईचं नाव सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर गियार्तोने गाणी लावली होती, ती तिने बंद करायला सांगितली.

आमच्याकडे दिवसाला दोन नावं असतात. एक सातांतलं, एक पाचांतलं: लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. ऑफिस, शाळा, पगार सातांवर चालतात. खेड्यातले बाजार पाचांवर. दोन्हींची गाठ पस्तीस दिवसांतून एकदा पडते. पाच दिवसांचा फेरा सातांच्या रकान्यांत ओतला की तो सगळीकडे सारखाच पसरतो. तीच ती सपाट रेघ. आम्ही चुकीच्या चाळणीने चाळलं होतं, आणि खाली काही पडत नाही म्हणून धान्यच नाही असं लिहून दिलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझा जन्म वागेचा. घरी लग्नाचा दिवस काढताना आम्ही हेच मोजतो. फक्त कॉम्प्युटरसमोर बसलो की मोजत नाही.

दुसऱ्या दिवशी ती गोदामात गेली. मीही होतो.

"पाक, तुम्ही आराखड्यावर सही का केलीत?"

"तुम्ही मान देऊन पुढे केलात. मी कसा परत करू?"

"पण चुकलाय म्हणायचं."

"मला वाटलं, तुम्हाला माहीतच आहे. कुणाला माहीत नसतं? म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, बाजाराचे दिवस बदलायला निघाली असतील. सरकार काय काय बदलतं." त्याने सिगरेट एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "आणि माझाच चौकोन गेला होता. तोंड उघडलं असतं तर म्हातारा खुर्चीसाठी रडतोय, असं दिसलं असतं."

आमचे मालक पाक बिंतोरो तिचं सगळं ऐकून घेत हसले. "ह्यात चूक कसली? नवी गरज निघाली. 'स्थानिक दिनदर्शिकेची सोय' असं लिही. दुसऱ्या टप्प्यात करू, वेगळं काम म्हणून. कुणाचं काही जात नाही."

"पान चौदा तसंच राहतं."

"राहू दे की. जुनी पानं कोण वाचतं?"

"पत्रात आहे ते. पाक तुगिमिनचं जातं."

"तो आज ना उद्या जाणारच आहे, पालुपी. साठीचा आहे."

ती टेबलावर परत आली तेव्हा मी नवा तक्ता बांधून ठेवला होता. एका दुपारचं काम. बाजाराचं नाव, त्याचा पाचांतला दिवस, आणि पुढच्या वीस वर्षांच्या तारखा यंत्राने आपोआप काढलेल्या. तिने एकेक रकाना बोटाने तपासला.

"आता ह्यात तो कुठे आहे?"

"कुठेच नाही," मी म्हणालो.

हेच अवघड होतं. चुकीच्या आराखड्यात तो नव्हता, तो आमच्या अज्ञानाने. बरोबर आराखड्यातही नव्हता, तो आमच्या हुशारीने. त्याची कीव येऊन एक चौकोन काढणं तिला जमण्यासारखं नव्हतं. खोटा चौकोन तिला दुरून ओळखू यायचा. ती पुन्हा गोदामात जाऊन बसली, पुन्हा तीन दिवस. ह्या वेळी फोनवर तो नुसतं "हां, हां" म्हणतो तेव्हा पलीकडून काय सांगितलं जातं, ते तिने प्रत्येक फोननंतर विचारलं.

वातुकेबोतल्या दुकानदारणीच्या घरी लग्न, चहा तिप्पट. करांगलोचा पूल खचलाय, माल अलीकडच्या बाजारात उतरवा, तिथली बाई पुढे पोचवेल. अमक्या गावात मयत झालंय, सात दिवस लोक येतील, घरोघरी पाणी उकळत राहील. तमक्या गावात विहिरी आटल्या, पोती कमी करा. तीन दिवसांत एकतीस फोन. एकवीस वेळा त्याने चिठ्ठीवरचा आकडा किंवा वाट बदलली. दिवस एकदाही नाही.

तिने मला तक्त्यात तीन रकाने वाढवायला लावले: बदल काय, का, आणि कुणी केला. शेवटचा रकाना रिकामा ठेवून चिठ्ठी निघणार नाही, असं बांधायला सांगितलं.

बैठक गोदामाच्या वरच्या खोलीत झाली. पाक बिंतोरो सुरुवातीची गोड वाक्यं बोलत होते. पालुपीने ती संपू दिली.

"ची, पान चौदावरचं वाक्य चुकीचं आहे. ते मी लिहिलं. दिवस लहरीवर ठरत नाही, पाचांच्या फेऱ्यावर ठरतो. वर्षभरात पाक तुगिमिनने एकही दिवस चुकवलेला नाही, मी परत तपासलं. चहा परत आला तो माझ्यामुळे."

पाक बिंतोरो खिडकीबाहेर पाहू लागले. मेलियानाबाईंनी एकतीस फोनांचा कागद वाचला, सावकाश, दोनदा.

"माझे वडील भात खाताना हे दिवस बोटांवर मोजायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माशाचे काटे मोजतायत." मग वळून, "पाक, तुम्ही मला तरी सांगायचं."

"तुम्ही विचारलं नाही, असं म्हणणं बरं दिसत नाही, ची."

"आत्ता म्हणालातच की."

"म्हातारपणी जीभ सैल होते."

पत्र फाडलं गेलं नाही. आमच्याकडे कागद फाडत नाहीत. ते फाईलमध्ये उलटं घालून ठेवलं. पाक तुगिमिन आणखी तीन वर्षं राहील, बदलाचा रकाना तोच भरेल, असं ठरलं. आणि पुढच्या टप्प्यासाठी दुसरा माणूस पाठवावा, हे चींनी पालुपीकडे न बघता सांगितलं. पाक बिंतोरोंनी ते लगेच मान्य केलं. त्या वर्षी तिच्याकडे कुठलंच मोठं काम आलं नाही. एका शाळेच्या ग्रंथालयाचे चौकोन ती चार महिने काढत राहिली, त्याच चिकाटीने.

जिन्यावरून उतरताना पाक तुगिमिनने तिला थांबवलं.

"बू, मी लहरी नाही, हे तुम्ही लिहून देणार आहात?"

"नवीन पान चौदा. उद्या सहीला आणते. ह्या वेळी आधी वाचा."

"वाचतो. एक प्रत जास्त आणा," तो म्हणाला. "बायकोला दाखवायचीय. अडतीस वर्षं झाली, तिला पटत नाही."