बांडी घोंगडीवर चढत नाही

आमच्या औरंगाबादला संभाजीनगर हे नवं नाव मिळालं, त्याच साली पावसानं तोंड फिरवलं. बारशाला पाहुणे जमावेत आणि रांजणात पाणी नसावं, तशी गत. त्या साली माझा थोरला भाऊ सांडूदादा कन्नडकडच्या आमच्या माहेरगावाहून माझ्याकडं राहायला आला. आला कसला, आणला.

दादाचा सगळा जन्म मेंढरामागं गेला. शाळेची पायरी त्यानं चढली ती चुकलेलं कोकरू शोधायला. मी तिसरीपर्यंत गेले, म्हणून आमच्या घरात मीच शिकलेली. बहात्तरच्या दुष्काळात आमचा बाप कळप घेऊन घाट उतरला आणि खानदेशात गेला. दादाला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. जाताना दादा पुढं आणि बाप मागं चालत होता. येताना मागं कुणीच नव्हतं. बाप तिकडंच तापानं गेला आणि त्याची काळी घोंगडी तेवढी दादाच्या खांद्यावर परत आली.

तेव्हापासून घोंगडी आणि दादा वेगळे झाले नाहीत. पावसात डोक्यावर, थंडीत अंगावर, लग्नात बसायला खाली. तिचे काठ झिजले की सांधून घ्यायचा आणि वर्षातून एकदा नदीवर नेऊन रिठ्यानं धुवायचा. वहिनी थट्टेनं म्हणायची, "माझ्या लुगड्याला एवढी माया नाय कधी." वहिनी गेली, तसा दादा एकटा पडला. आणि त्या साली कळपही गेला. चारा नाही, पाणी नाही. "तहानेनं मरण्यापरीस दुसऱ्याची होऊन जगतील," म्हणाला आणि मेंढरं देऊन टाकली. त्यानंतर महिन्याभरात त्याला दम लागायला लागला. एका पहाटे शेजाऱ्याला तो ओट्यावर माशासारखा तोंड उघडून बसलेला दिसला. शेजाऱ्यानं जीपमध्ये घातला, म्हणून वाचला.

माझा लेक अजिनाथ त्याला इकडं घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, "काही महिने दवाखान्याजवळ राहा, दम्याचा पंप जवळ ठेवा आणि धूळ टाळा."

धूळ टाळा! आमचा फ्लॅट बीड बायपासला. जिथं परवापरवापर्यंत बाजरी उभी असायची तिथं आता इमारती उभ्या. आमच्या खिडकीसमोरच एक नवी चढत होती. सकाळी ओटा पुसावा, दुपारी त्यावर बोटानं नाव लिहावं, एवढं सिमेंट. केर काढला की धूळ उडायची आणि दादाची छाती वाजायची. पुसून घ्यावं तर बादलीभर पाणी, आणि पाणी टँकरचं. टँकरच्या शिटीला बायका जशा धावायच्या तशा कधी आरतीला धावल्या नसतील.

माझी सून तनुजा शाळेत शिकवते. तिनं हिशेबी डोकं लावलं आणि एक यंत्र मागवलं. परातीएवढं गोल, पांढरं. आपलं आपण घरभर फिरून धूळ ओढून घेणारं.

"मामा, हिला पिशवी लागत नाही," ती दादाला कौतुकानं सांगायला लागली. "जुन्या यंत्रांना धुळीची पिशवी असायची, भरली की नवी आणा. हिच्या पोटात ही काचेसारखी डबी. काय काय गोळा झालं ते बाहेरून दिसतं."

"पिशवी नाय तर बाजाराला कशी जायाची ही?" दादा म्हणाला. मग यंत्र उलटंपालटं करून बघितलं, जत्रेत मेंढी बघतात तसं. "शेपूट बी नाय. बांडी हाय." आमच्यात शेपूट तुटक्या मेंढीला बांडी म्हणतात. यंत्राचं तेच नाव पडलं.

आता बांडीचे गुण सांगते आणि अवगुणही सांगते, कारण सोयरीक जुळवणाऱ्यानं दोन्ही सांगावं. ती पलंगाखाली जाते, जिथं माझी कंबर जात नाही. धूळ उडवत नाही, गिळते. खालच्या फडक्याला पेलाभर पाणी दिलं की सगळं घर पुसते, आणि हा गुण दुष्काळात सोन्याचा. दमली की आपल्या पायानं भिंतीशी जाऊन वीज पीत बसते. पण कोपरे सोडते. उंबरा दिसला की म्हाताऱ्या बाईसारखी अडते. फोनची वायर चघळते. तनुजाचे लांब केस तिच्या ब्रशात गुंडाळले जातात, ते कात्रीनं कापावे लागतात. डबी लहान, रोज रिकामी करावी लागते, आणि आतली जाळी धुतली तर दिवसभर वाळवावी लागते, नाहीतर कुबट वास मारते. सगळ्यात वाईट खोड म्हणजे देवघरापुढं वळून ठेवलेल्या वाती खाते. माझं अर्ध्या सकाळचं काम घटकेत तिच्या पोटात.

"खाऊ दे," दादा म्हणायचा. "उपाशी जनावर काय देवाचं अन् काय दैत्याचं बघतं?"

बांडी आल्यावर दादाची छाती जरा शांत झाली. पण पुरती नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, अंथरुणात लोकरीचं काही आहे का? अजिनाथ बोलून गेला, "घोंगडी आहे." डॉक्टर म्हणाले, ती काढा.

तनुजानं घरी येऊन गोडीनंच सांगितलं. "मामा, आपण ती प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवू. टाकायची नाही, फक्त ठेवायची."

दादानं घोंगडीची घडी घालून मांडीवर घेतली. संध्याकाळी मला म्हणाला, "सारजे, शनिवारच्या यष्टीनं मी गावाला जातो."

"तिकडं कोण आहे तुझं?"

"हितं बी बहिणीच्या दारातच बसलोय ना? माझी घोंगडी माळ्यावर, अन् मी पलंगावर? बापाला काय तोंड दाखवू?"

"बापाला एवढ्यात तोंड दाखवायची घाई कामून तुला?" मी म्हणाले. पण मला रात्रभर ती जीप दिसत राहिली. मागल्या वेळी शेजारी उठला म्हणून निभावलं. दर वेळी शेजारी उठतोच असं नाही.

गुरुवारी सकाळी दादा मुद्दाम हॉलच्या मधोमध घोंगडी अंथरून बसला. म्हणजे बघू कोण उठवतं. तनुजानं बांडी सुरू केली. बांडी घुंघुं करत सरळ त्याच्याकडं निघाली. मी म्हटलं, झालं, आता ही काठ चघळणार आणि दादा काठी घालणार.

बांडी घोंगडीच्या काठाशी आली आणि थांबली. मागं सरली. दुसऱ्या बाजूनं आली, परत थांबली. सगळ्या घोंगडीला वळसा घातला, पण वर चढली नाही.

दादानं पाय पोटाशी घेतले. "बघितलं का सारजे? पायतान घालून घोंगडीवर चढू नये, येवढं हिला कळतं. ह्या घरात हिलाच अदब हाय."

हा टोमणा तनुजाला बसला, तरी ती हसली. पण घोंगडीभोवती धुळीचं कडं राहिलं, म्हणून तिनं यंत्राच्या कंपनीला फोन लावला आणि आम्हाला ऐकू येईल असा ठेवला. पलीकडचा पोरगा म्हणाला, "मॅडम, तिच्या पोटाखाली डोळे असतात, जिन्यावरून पडू नये म्हणून. काळं काही आलं की तिला खड्डा वाटतो. ही त्या मशीनची उणीव आहे, काळा गालिचा असेल तर तो उचलून ठेवा."

मला वाटलं, दादा हिरमुसेल. दादानं वाकून घोंगडीचा काठ चाचपला. मग म्हणाला, "म्हंजी हिला ती विहीर वाटती?"

"हो मामा."

"आरं बापा! साऱ्या तालुक्यात कुणाला विहीर घावंना, अन् हिला माझ्या घोंगडीत घावली!" आणि असा हसला, असा हसला, की खोकला आला. कळप गेल्यापासून पहिल्यांदा हसला. "विहिरीच्या काठाला थांबती ती मेंढी शहाणी, सूनबाई. उणीव कसली?"

हसला खरा, पण गावाला जायची पिशवी भरून ठेवलेलीच होती.

शुक्रवारी तनुजानं शाळेत जाता जाता एवढंच म्हटलं, "मामा, तुम्ही खुशाल जा, पण एक सांगते. बांडीच्या डबीत काळे धागे येतात."

"तुझं केस असतील."

"माझे केस हातभर लांब आहेत. हे बोटभर."

"मंग समोरच्या इमारतीचं काही असंल."

"तुम्हीच बघा," म्हणाली आणि गेली.

दादाला हे लागलं. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. त्यानं बांडीच्या पोटातली डबी काढली, गॅलरीत नेली आणि उघडली. आता ही बिनपिशवीच्या यंत्राची खरी मेख. पिशवी असती तर धूळ तोंड बांधून कचऱ्यात गेली असती. डबी उघडली की धूळ मोकळी. त्यात वारा समोरून. सगळं भपकन त्याच्या तोंडावर आलं.

तव्यावर भाकरी टाकून मी धावले. दादा कठडा धरून खाली बसला होता. छातीतून शिट्टी वाजत होती आणि डोळे मोठे झालेले. पंप कसा द्यायचा ते मी नुसतं बघितलं होतं. देवाचं नाव घेतलं, पंप हलवला, त्याच्या ओठात धरला आणि दाबला. "ओढ दादा, ओढ आत!" पुन्हा दाबला. जरा वेळानं शिट्टी बारीक झाली. घरभर भाकरी जळाल्याचा वास सुटला आणि तो वास मला त्या दिवशी चक्क बरा वाटला, कारण दादा म्हणाला, "सारजे, भाकर करपली."

मी तनुजाला फोन केला. ती रिक्षा करून आली, शाळेची पिशवी खांद्यालाच. दादा पलंगावर टेकून बसला होता आणि त्याची एक मूठ मिटलेली होती. तिच्यापुढं उघडली. राखाडी सिमेंट होतं, तिचे केस होते, माझी अर्धी वात होती आणि काळ्या लोकरीचा भुगा होता. तोच जास्त होता.

"लोकरच हाय," तो म्हणाला. "बापाची घोंगडी झडाया लागली, पोरी. दीड वरीस झालं, धुतली नाय. नदीलाच पाणी नव्हतं, कशात धुवू?"

तनुजा खाली फरशीवरच बसली. तिचे डोळे भरले होते. "मामा, मला घोंगडी नको असं नाही हो. मला तुम्ही पाहिजे." मग नाक पुसलं आणि मास्तरीणबाई जागी झाली. "धुवायला किती पाणी लागतं?"

"लई लागतं. टँकरच्या पाण्यात घोंगडी धुवायची म्हंजी पाप हाय."

"गॅलरीतला निळा ड्रम बघितला का? बांडी पेलाभर पाण्यात घर पुसते. लादीच्या ज्या बादल्या वाचल्या, त्या मी त्यात ओतत आले. घरात हाताशी असाव्यात म्हणून. तो काठोकाठ आहे."

मी मुद्दामच विचारलं, "मग शनिवारची यष्टी?"

"वल्ली घोंगडी घेऊन यष्टीत बसू कसा?" दादा माझ्यावरच खेकसला. "अक्कल हाय का तुला?"

मी तोंड फिरवून हसले.

शनिवारी गच्चीवर आमची नदी भरली. अजिनाथ मोठ्या टपात उतरून घोंगडी तुडवत होता, तनुजा रिठ्याचं पाणी ओतत होती आणि दादा लांब खुर्चीवर नाकाला पंचा बांधून हुकूम सोडत होता. "टाचंनं नको, चवड्यानं तुडव! कुणी शिकवलं रं तुला?" पहिलं पाणी गुऱ्हाळाच्या काहिलीसारखं निघालं. शेवटचं निघालं त्यात बोटं दिसत होती. सगळं पाणी आम्ही बादल्यांनी खाली नेऊन सोसायटीच्या कडुनिंबांना घातलं. घोंगडी वाळायला तीन उन्हं लागली आणि वाळली तशी आणखी काळी कुळकुळीत दिसायला लागली.

पण डॉक्टर ऐकेनात. म्हणाले, धुतली चांगलं केलं, पण अंथरुणात नको, हॉलमध्येही नको. तनुजा माळ्याचं नाव काढायला धजेना. दादानंच घडी उचलली, स्वयंपाकघरात गेला आणि देवघरापुढं अंथरली, चार पदरी, लांब पट्टीसारखी.

"बाप देवापुढंच अंथरायचा," तो म्हणाला. "सोड तुझ्या बांडीला."

बांडी आली. वातींचा वास लागल्यासारखी सरळ देवघराकडं गेली. घोंगडीच्या काठाशी थांबली, वळली आणि ओट्याखाली निघून गेली. माझ्या वाती घोंगडीपलीकडं जशाच्या तशा.

तेव्हापासून आमच्या घरात कामं वाटलेली आहेत. दादा हातात काठी घेऊन बांडीमागं फिरतो, अडली की जिभेनं टकटक करून वळवतो. यंत्राला ऐकू येत नाही असं तनुजा सांगते, दादा म्हणतो मेंढरांनाही कुठं यायचं. डबी मी रिकामी करते. जिन्यात जाऊन, ओल्या वर्तमानपत्रात, तोंडाला पदर बांधून, वाऱ्याकडं पाठ करून. शेजारणी विचारतात, घ्यावी का हो अशी? मी म्हणते, जरूर घ्या, फक्त घरात दम्याचं माणूस असेल तर डबी दुसऱ्यानं उघडावी, आणि कुणीतरी राखायला लागतंच.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. दादाचा पंप आता कधीमधीच निघतो. परवा गावाकडून निरोप आला, ज्याला मेंढरं दिली त्याच्याकडं कोकरं झाली आहेत, बघून जा. दादानं धोतर नेसलं, पंप खिशात घातला, काठी घेतली आणि अजिनाथबरोबर दारात उभा राहिला. खांदा मोकळा. एवढ्या वर्षांत मी त्याला मोकळ्या खांद्यानं गावाकडं निघालेला कधी बघितला नव्हता.

"दादा, घोंगडी राहिली."

"राहू दे," तो चपला घालत म्हणाला. "दोन दिसांनी येतोच हाय. ती नेली तर तवर बांडी तुझ्या वाती खाईल."