डोंगल काढू नका

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या भरतकामाच्या मशीनला आधी डिझाइन एकेक टाका मांडून द्यावं लागतं. आमच्या धंद्यात याला पंचिंग म्हणतात. इथे कानडी मुलखात, येलहंकात घरी बसून मी हेच काम करते. त्याचं सॉफ्टवेअर महाग असतं आणि परवाना म्हणून सोबत अंगठ्याएवढं एक डोंगल मिळतं. ते कॉम्प्युटरला लावलेलं असेल तरच सॉफ्टवेअर उघडतं. हातात धरता येणारी वस्तू असल्यामुळे लोकांना वाटतं, कात्री विकावी तसं हेही विकता येईल.

विकतातही. पंचिंगवाल्यांचा इंटरनेटवर एक फोरम आहे. तिथला जुन्या सामानाचा विभाग मी आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआर लेआउटमधला एक तरुण सांभाळत होतो. तो मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. आईच्या भरतकामासाठी म्हणून त्यानं हा फोरम सुरू केला आणि पुढे तो पसरत गेला. शिस्त ही माझ्याकडची बाजू. कुठला प्रश्न कुठल्या विभागात टाकायचा, विक्रीच्या पोस्टमध्ये काय काय लिहायचं, हे सगळं मी क्रमवार लावून दिलं होतं.

डोंगलच्या विक्रीवरून आमचं वाजायचं. माझं म्हणणं असं, की परवाना नव्या मालकाच्या नावावर झाल्याचं कंपनीचं पत्र असेल तरच पोस्ट चढवावी. तो म्हणायचा, कंपन्या असलं पत्र सहजासहजी देत नाहीत, त्यांना नवीनच विकायचं असतं. माणसानं पैसे मोजून घेतलेली वस्तू त्यानं विकू नये, हे सांगणारे आपण कोण?

"मॅडम, आपण फोरम आहोत, पोलिस स्टेशन नाही," तो म्हणाला. "उद्या चेक करायला लागलो ना, की परवा प्रत्येक फ्रॉडला आपण रिस्पॉन्सिबल."

शेवटी मधला मार्ग निघाला. जुना सदस्य, ज्याच्याबद्दल चार लोकांनी चांगलं लिहिलंय, त्याच्या नावापुढे हिरवी खूण लावायची. कुठल्या वस्तूची हमी नाही, फक्त माणूस ओळखीचा आहे एवढंच. मला ते नीटनेटकं वाटलं.

आमच्या मागच्या गल्लीत एक अक्का राहते. आमच्यासारखंच तिचं घराणंही पिढ्यान्‌पिढ्या इथलं, शिलाईकाम करणारं. शेडमध्ये दोन मशीन टाकून ती लग्नाच्या ब्लाउजांवर भरतकाम करून देते. मागच्या वर्षी तिचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेना, तेव्हा तिनं फोरमवरून वापरलेलं डोंगल घेतलं. विकणाऱ्याच्या नावापुढे हिरवी खूण होती. तिनं मला विचारलंही नाही, विचारायची गरज काय, खूण तर आम्हीच लावली होती. घेतल्यावर सांगितलं, आणि मीही बरं झालं म्हणाले. तिनं आपली सगळी डिझाइन्स त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये बदलून घेतली आणि जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला.

मग खंडेनवमी आली. इथे तिला आयुधपूजा म्हणतात. रस्त्यात जागोजाग कुंकू भरून फोडलेले कोहळे पडलेले असतात आणि त्या लाल चिखलावरून रिक्षा जात असतात. आमच्यात त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याची पूजा करायची, ही रीत कडक पाळतात. अक्कानं बोलावलं म्हणून मी गेले. मशीनना झेंडूच्या माळा घातलेल्या. पाटावर ताटात कात्र्या, सुया, बॉबिन, टेप. आणि कात्र्यांच्या मधोमध ते डोंगल, त्यावर हळदीकुंकवाचं बोट.

"हे काढलंत?" मी विचारलं.

"काढायला नको? त्याच्यावरच तर सगळं चालतं. कात्रीला पूजा आणि त्याला नाही, असं कसं?" ती प्रसादाच्या चुरमुऱ्यांची वाटी माझ्या हातात देत म्हणाली. "तसं तो काढू नका म्हणाला होता हं. डोंगल काढायचं नाही आणि त्या कॉम्प्युटरला इंटरनेट जोडायचं नाही. फोन करून दोनदा बजावलं. पण त्याला काय माहीत आपला सण. उद्या सकाळी परत लावते."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. स्वतःचं डोंगल मी कितीदा तरी काढते आणि लावते, दर वेळी सॉफ्टवेअर ते नव्यानं तपासतं आणि उघडतं. कुठलाच खरा मालक असं सांगणार नाही. पण पूजा चालू होती, तिच्या सुनेनं आरतीचं तबक उचललं होतं, आणि जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आरतीभर मी त्या डोंगलकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं फोन केला. डोंगल लावलं, त्याचा दिवा लागला, पण सॉफ्टवेअर म्हणतंय तपासणीसाठी इंटरनेट जोडा. जोडू का? मी थांबा म्हणाले, चपला घातल्या आणि निघाले. पोचेपर्यंत तिनं जोडलं होतं. पडद्यावर चार ओळी होत्या. हे डोंगल हरवल्याची नोंद आहे, कंपनीशी संपर्क साधा. मागच्या बाजूला त्याचा बारीक दिवा लुकलुकत होता, खाचेत कालचं कुंकू अडकलेलं.

कंपनीला मी फोन केला. बोलणारी मुलगी फार नम्र होती. डोंगल तामिळनाडूतल्या एका कारखान्याच्या नावावर होतं आणि तिथून चोरीला गेलेलं. बंद केलंय, चालू होणार नाही. डिझाइन्सच्या फाइल्स उघडायला नवीन परवाना घ्यावा लागेल, आणि कृपया मॅडम, हे आपल्याला कुणी विकलं ते कळवाल का?

अक्काकडे तेवढे पैसे नव्हते, आणि माझं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं, त्यात तिच्या फाइल्स उघडत नव्हत्या. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होणार होते. प्रत्येक गिऱ्हाइकाचा गळा वेगळा, बाही वेगळी, तेव्हा डिझाइन उघडून मापाला बसवल्याशिवाय ब्लाउज होत नाही. मशीन धडधाकट होत्या, दोराही भरलेला होता. फक्त तिचे इतक्या वर्षांचे मोर, वेली, कुयऱ्या एका बंद पेटीत होत्या, आणि पेटी तिच्याच टेबलावर होती.

विकणाऱ्यानं तिचा फोन उचलला नाही. माझा उचलला. मी नियंत्रक म्हणून बोलतेय म्हटल्यावर तो शांतपणे म्हणाला, "मी त्यांना सांगितलं होतं ना, काढू नका. विचारा त्यांना." आणि ठेवून दिला.

मी त्याच्या जुन्या पोस्ट काढून बघितल्या. चारच्या जागी पुष्कळ लोकांनी त्याच्याबद्दल चांगलं लिहिलं होतं. सोलापूर, सुरत, बेळगाव. व्यवस्थित चालतंय, धन्यवाद दादा. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. त्यांचं खरंच व्यवस्थित चालत होतं.

आठवड्याभरात अक्का माझ्याकडे आली. पदराच्या गाठीतून डोंगल काढून तिनं टेबलावर ठेवलं.

"हे फोरमवर घाल. फोटोत दिवा लागलेला दिसतो की."

"अक्का, ते बंद आहे."

"मला घेताना बंद आहे असं कुणी सांगितलं?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुझी खूण बघून मी घेतलं. आता माझ्या नावापुढे लाव. मी काय ओळखीची नाही?"

मी नाही म्हणाले. ती कानडीत सरी म्हणाली, म्हणजे बरं, डोंगल परत गाठीत बांधलं, चहा पूर्ण प्यायली आणि गेली. ते पुढे कुठे गेलं, मी विचारलेलं नाही.

एचएसआरवाल्याला मी म्हटलं, या माणसाची डोंगल चोरीची आहेत असा फोरमवर उघड इशारा देऊ. तो म्हणाला, इशारा कंपनीही वाचेल आणि घेणाऱ्यांना शोधून काढेल. मग ज्यांची चालू आहेत त्यांची सगळ्यांची एका दिवसात बंद पडतील. आणि नाही दिला, तर एकेकाची पडतील. "तुम्ही सांगा मॅडम, यात पोलिसांचं काम कुठलं?" विक्रीचा विभाग आम्ही बंद केला आणि हिरव्या खुणा काढून टाकल्या. विक्री थांबली नाही. ती फोनवर गेली, तिथे आम्हाला दिसत नाही एवढंच. इशारा आम्ही दिला नाही.

अक्कानं एक मशीन विकली. दुसरीवर ती आता महादेवपुऱ्यातल्या एका दुकानाची कामं करते. डिझाइन त्यांचं, पेनड्राइव्हवर येतं. सगळ्या ब्लाउजांवर तेच एक कमळ. तिचा कॉम्प्युटर कपड्यानं झाकलेला असतो. तो ती विकत नाही.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे बसले होते. ती कात्र्या पुसत होती. मला अनोळखी नंबरावरून फोन आला. बेळगावची बाई, फोरमवर माझा नंबर होता तिथून घेतलेला. मागे मशीनचा खडखडाट ऐकू येत होता, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, एक विचारायचं होतं. आम्ही तुमच्या फोरमवरून गेल्या दसऱ्याला डोंगल घेतलेलं. ते काढू नका म्हणून सांगितलंय. पण उद्या खंडेनवमी. पूजेपुरतं काढलं तर चालेल न्हवं?"

मी तोंड उघडलं. आधी तुमची सगळी डिझाइन्स मशीनला थेट चालणाऱ्या फाइलमध्ये बदलून पेनड्राइव्हवर घ्या, मग बाकीचं सांगते, असं म्हणायचं होतं. अक्कानं हात पुढे करून फोन माझ्याकडून घेतला.

"काढू नका," ती म्हणाली. अगदी त्या विकणाऱ्यासारखं, शांतपणे. "वरूनच कुंकू लावा. देवाला चालतं."

बाई हसली, बरं बरं म्हणाली. अक्कानं फोन बंद करून मला दिला आणि पुन्हा कात्री उचलली.

"अक्का, तिला सांगायला हवं होतं."

"सांग की. नंबर आलाय तुझ्याकडे." तिनं पात्यावर फुंकर मारली. "पण लग्नं संपल्यावर सांग. तिचा हंगाम तरी निघू दे."

ताटात कात्र्या मांडून झाल्या. मधली जागा तिनं रिकामी सोडली होती. मी फोन पर्समध्ये टाकला. त्याला दोन महिने झाले. लग्नाचे मुहूर्त अजून संपलेले नाहीत.