जैनोद्दीन मिस्त्रींनी पाडलेला स्लॅब

नळदुर्गचे जैनोद्दीन मिस्त्री चुन्याच्या कामात वाढलेले. चुना सैल मळायचा, भिंत पुढं वर्षानुवर्षं घट्ट होत जायची. साठ सालानंतर बेंबळीकडच्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं आणि ठेकेदारानं त्यांना काँक्रीटवर नेमलं. ओव्हरसियर शरणप्पा वयानं त्यांच्या मुलाएवढे.

शरणप्पांनी आधीच सांगितलं होतं, "मिस्त्री, पुलाच्या पायाला साधा माल चालेल. वरच्या स्लॅबवरून भरलेले ट्रक जाणार. तिथं सिमेंट जास्त, पाणी कमी."

स्लॅबसाठी कालवलेला माल घट्ट झाला. सळईनं कुटून मजुरांचे खांदे भरून आले. शरणप्पा पलीकडं गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "पाणी घालून जरा सैल करा रे." स्लॅब गुळगुळीत दिसला.

त्याच मालाचे ठोकळे भरून सोलापूरला तपासायला पाठवले होते. महिन्याभरानं निकाल आला. ठोकळे ठरलेल्या दाबाच्या निम्म्यालाच फुटले होते. ठेकेदारानं गोदाम सांभाळणाऱ्या वीरप्पाला धरलं. सिमेंटच्या पोत्यांना ओल लागू दिलीस, म्हणाला. वीरप्पा खाली मान घालून उभा राहिला.

जैनोद्दीन पुढं आले. "सिमेंट चांगलं व्हतं साहेब. पाणी म्या घालाय लावलं. चुन्याला चालतं, तसं याला बी चालंल वाटलं."

शरणप्पा म्हणाले, "स्लॅब पाडावा लागेल."

"पाडू. पयला घण म्या घालतो."

पाडताना फुटलेला तुकडा मिस्त्रींनी हातात घेतला. आत बारीक छिद्रंच छिद्रं. जादा पाणी उडून गेलं, तिथं पोकळी राहिली, शरणप्पांनी सांगितलं. नखानं वाळू निघत होती.

दुसऱ्या वेळी माल घट्टच ठेवला. मजूर कुरकुरले, तशी त्यांनी स्वतः सळई हातात घेतली. स्लॅब आवळून टणक झाल्यावर मात्र, तडे जाऊ नयेत म्हणून, वर ओली पोती टाकून त्याला भरपूर पाणी पाजलं. या वेळचे ठोकळे टिकले.

पुढं बेंबळीच्या हिंमतरावांनी घर बांधायला काढलं. "सगळीकडं पुलाच्या स्लॅबसारखाच माल घाला," ते म्हणाले.

"कशाला मालक? पायाला साधा बास हाय. स्लॅबला आन् तुळयांना जोरकस घालू. फक्त पाण्याच्या घागरीला माझ्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय."

त्या घरापासून वीरप्पा गोदाम सोडून मिस्त्रींच्याच हाताखाली काम करू लागला.