सहावा महिना, दोघींचा

हेड ऑफिसला माझा फोटो हवा होता. पोट दिसावं, पण फार दिसू नये, अशी सूचना होती. गरोदर कर्मचाऱ्यांची कंपनी कशी काळजी घेते, यावर कंपनीच्या अंकात एक पान येणार होतं. फोटोग्राफर माझ्या केबिनमध्ये लाइट लावत होता आणि मी पाठीला आधार देणाऱ्या नव्या खुर्चीत बसले होते. मी बातमी सांगितल्यावर प्लांट हेड साहेबांनी ही खुर्ची लगेच मागवली होती. नागपूरहून बुटीबोरीला यायला कंपनीची गाडीही तेव्हापासून दारात येत होती.

तेवढ्यात हेड ऑफिसमधल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, शॉप फ्लोअरवरची एखादी लेडी पण घ्या ना सोबत. बॅलन्स्ड वाटेल."

मी सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, "आपल्याकडे प्रेग्नंट कोणीच नाही, मॅडम."

आमची सूतगिरणी. फ्लोअरवर शंभराहून जास्त बायका, बहुतेक तरुण, लग्न झालेल्या. त्यांत एकही गरोदर नाही? मी एचआरमध्ये वेल्फेअर बघते, म्हणजे कामगारांचं जेवण, दवाखाना, पाळणाघर वगैरे. हा प्रश्न मला नोकरीत पहिल्यांदाच पडला. फ्लोअरवर बायका पुरवणारे ठेकेदार भोयर अधूनमधून सांगायचे, "अमकीले तब्येतीसाठी घरी पाठवलं, मॅडम." मला ते चांगलंच वाटायचं.

फोटो एकटीचाच झाला. जेवण करून मी फ्लोअरवर गेले.

आमच्याकडे सगळ्यात जास्त बायका रिंग फ्रेमवर असतात. या लांबलचक मशीनवर सूत कातलं जातं. दोन मशीनच्या मधल्या गल्लीत फेऱ्या मारायच्या, कुठे धागा तुटला की वाकून जोडायचा. हे काम करणाऱ्या बाईला साइडर म्हणतात. पूर्ण शिफ्ट चालायचं आणि वाकायचं. आत दमट गरम हवा, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. आवाज इतका, की शेजारणीशीही खुणेनं बोलायचं.

मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. सगळ्या सरळ कमरेतून वाकत होत्या. एक मात्र आधी मशीनचा कठडा धरायची, मग गुडघे थोडे फाकवून, तिरकी होत खाली जायची. उठताना हात कमरेवर. दोन आठवड्यांपासून मी घरी पडलेली वस्तू तशीच उचलत होते. म्हणून मला कळलं, नाहीतर मलाही दिसलं नसतं.

ती सुनंदा पराते. माहेर-सासर दोन्ही उमरेडचं, विणकरांचं घर. घरचे माग बंद पडल्यावर नवराबायको बुटीबोरीत खोली करून राहत होते. मी तिला खुणेनं बोलावलं आणि प्लांटच्या दवाखान्यात नेलं.

सिस्टरनं बीपी घेतलं, मग पुन्हा घेतलं. सुनंदाच्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे खोल वळ उठले होते. घोट्याजवळ सिस्टरनं बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला.

"कितवा महिना?" सिस्टरनं विचारलं.

सुनंदानं आधी दाराकडे पाहिलं. "सहावा."

"मलाही सहावाच," मी म्हटलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"मॅडम, हे कुठं लिहू नका जी," ती म्हणाली. "भोयरले समजलं तं उद्या गेटवर थांबोतील."

"तब्येतीसाठीच पाठवतात न गं घरी. आराम मिळतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मला काही माहीतच नाही, हे तिला नुकतंच कळल्यासारखं.

"मागच्या डावाले मी सांगतलं होतं, मॅडम. तिसरा लागला तवाच सांगतलं. घरी जा म्हणले. घरी बसून खायचं काय? मग भट्टीवर गेली मी, विटा उचलायले. पाचव्यात पडलं ते." ती साडीच्या काठाशी चाळा करत होती. "या डावाले म्हणून सांगतलं नाही. इथं निदान डोक्यावर ओझं नाही."

सिस्टर उगाच ट्रे आवरू लागली.

मग सुनंदानं विचारलं, "तुमाले कोणी घरी जा म्हणलं नाही का जी?"

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी "नाही" म्हटलं. ते इतक्या हळू आलं, की तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. केबिन, खुर्ची, गाडी, सगळं त्या क्षणी अंगावर आलं. सहावा महिना दोघींचा होता. चालायचं-वाकायचं काम तिचं होतं आणि आराम मला होता.

तिला कॉटवर आडवं करून मी सरळ साहेबांकडे गेले.

"साहेब, गरोदर आहे म्हणून बाईला कामावरून काढता येत नाही. कायदाच आहे. ठेकेदाराची असली तरी."

"आपण कुठे काढतो? ते भोयर बघतात."

"गेट आपलं आहे, साहेब."

ते खुर्चीत सावरून बसले. "मॅडम, तुम्ही या अवस्थेत इतकं टेन्शन घेऊ नका."

"ती याच अवस्थेत रिंग फ्रेमवर आहे. बीपी वाढलंय, पाय सुजलेत. माझ्यासाठी तुम्ही लगेच गाडी लावलीत. मी ती घेतली, कोणाला काही विचारलं नाही. तुम्हाला एकट्याला बोलत नाहीये मी."

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी टेबलावरची काच पुसली. "मला कोणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

"मलाही नाही. सांगितलं की काम जातं, म्हणून."

भोयरांना बोलावलं. मला वाटलं होतं, ते खजील होतील. ते उलट तडकले.

"मी का दुश्मन हाओ का त्या पोरीचा? मशीनवर पडली तं बोंब माझ्या नावानं. हलकं काम देणं तुमच्या हातात हाये, मॅडम. तुमी कधी देलं?"

मी तिथेच विचारलं, बसून करता येईल असं काम आपल्याकडे कुठलं आहे?

त्या संध्याकाळी ठरलं ते फार मोठं नव्हतं. तयार सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, पॅकिंगआधी एका टेबलावर तपासतात. ते काम बसून करता येतं, पण आमच्याकडे उभ्यानं करायची पद्धत. "बसलं की झोप येते," असं सुपरवायझरचं म्हणणं. तिथे स्टूल आले. गरोदर बाई तिकडे जाईल, पगार तोच राहील. पाणी प्यायला आणि बाथरूमला परवानगी लागणार नाही. डॉक्टरकडे जायच्या दिवसाचा पगार कापणार नाही. आणि मला विचारल्याशिवाय कोणालाही "तब्येतीसाठी" घरी पाठवायचं नाही.

सुनंदाला मीच गाडीतून सरकारी विम्याच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, थोडे दिवस आराम झाला, मग ती टेबलावर आली.

नोटीस लावली. मी कँटीनमध्ये उभी राहून समजावूनही सांगितलं. तरी आपणहून सांगायला कोणीच आलं नाही. बायका मान डोलवायच्या आणि डबा उघडायच्या. मला थोडा रागही आला, खोटं कशाला सांगू. इतकं केलं, तरी विश्वास नाही?

बायका सुनंदाच्या पगाराची वाट बघत होत्या. तो पूर्ण आला, हे तिनं स्वतः त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याबाहेर बाकावर चौघी बसल्या होत्या. एकीला आठवा लागला होता. तिनं पोटावर ओढणी इतकी घट्ट बांधली होती, की सिस्टरनं सोडल्यावर कातडीवर रेघ दिसली. मी रोज तिच्या समोरून जात होते.

सुनंदाचं मात्र सगळं सुरळीत झालं नाही. आठव्यात बीपी पुन्हा चढलं. पूर्ण दिवसांची वाट बघायची नाही, असं डॉक्टरांनी ठरवलं. मुलगी झाली, फार लहान. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. मग घरी आली, आता अंगणात पळते. मी डॉक्टरांना विचारलं होतं, दोन-तीन महिने आधी बसून काम मिळालं असतं तर हे टळलं असतं का? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित." माझा मुलगा पूर्ण दिवसांचा, गुटगुटीत झाला. सुनंदा त्याला बघायला आली, तेव्हा मी त्याला तिच्या हातात द्यायला क्षणभर लाजले.

कोन चेकिंगचं टेबल आता मोठं केलंय. भोयर स्वतः बायकांना माझ्याकडे पाठवतात. कायदा आम्हाला माहीत होता, स्टूलही काही महाग नव्हते. बायकांनी आपणहून येऊन सांगावं, एवढीच आमची अपेक्षा होती. सांगणं कोणाला परवडतं, हा विचार आम्ही केला नव्हता.

परवा रिंग फ्रेमवरची एक नवीन मुलगी केबिनमध्ये आली. दार लावून घेतलं. म्हणाली, "मॅडम, मले दिवस गेले. काढान तं नाही न?"

मी अभिनंदन म्हणायला तोंड उघडलं होतं. ते मागे ठेवलं आणि आधी "नाही" म्हटलं. या नोकरीत आता एवढं शिकले आहे. आधी उत्तर द्यायचं, अभिनंदन नंतर.